हे कशात आहे?

बीड हे नाव किती अक्षरांचं, असा प्रश्न बीडमध्ये कुणी कुणाला विचारत नाही. विचारलाच, तर समोरचा आधी आपल्या तोंडाचा वास घेईल. संगणकाच्या दुनियेत मात्र हा प्रश्न दिवसातून लाखदा विचारला जातो, आणि उत्तर देणारा बदलला की उत्तर बदलतं. जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी सांगतात, दोन: बी आणि ड. पायथन नावाची संगणकी भाषा म्हणते, तीन: ब, मग दीर्घ वेलांटी, मग ड. तिच्या दप्तरी वेलांटीचं खातं वेगळं आहे. तोच शब्द डिस्कवर ठेवला आणि डिस्कला विचारलं, तर ती म्हणते नऊ. कारण डिस्कवर अक्षरं नसतातच, तिथं असतात बाइट, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हामागं तीन. शेवटी तहसीलसमोरच्या डीटीपीवाल्या दादाला विचारलं, तर तो मान वर न करता म्हणतो, "छोटा सी, छोटा एच, मोठा एम." दादा चेष्टा करत नसतो. कृतिदेव फॉन्टात बीड असंच टंकतात.

एकाच गोष्टीबद्दल चार जण चार उत्तरं देतात आणि चौघंही खरं बोलतात, हा अनुभव आपल्याला जमिनीच्या मोजणीमुळं आहेच. पण मोजणीत निदान बांध तरी जागेवर असतो. इथं बांधच दर यंत्रागणिक सरकतो.

शब्द उलटा करून दाखवा, हा संगणक शिकणाऱ्या पोरांचा सुरुवातीचा गृहपाठ. बीड उलटा केला की गुरुजींच्या हिशेबानं 'डबी' व्हायला पाहिजे. पायथन मात्र ड, वेलांटी, ब असं मागून पुढं मोजते आणि हातात 'डीब' ठेवते. गंमत म्हणजे इंग्रजीत लिहिलेलं बीड उलटलं तरी डीबच होतं. म्हणजे दोन्ही भाषांचं इथं एकमत झालं आणि एकटे गुरुजी अल्पमतात गेले. परळीचं त्याहून अवघड. ती उलटली की सगळ्यात पुढं येते नुसती वेलांटी. तिला टेकायला अक्षरच नाही. तेव्हा संगणक तिच्याखाली ठिपक्यांचं एक पोकळ वर्तुळ काढून देतो आणि तिला त्यावर टेकवतो. तीर्थक्षेत्राची एवढी गैरसोय बघवत नाही.

कुणी म्हणेल, गावांची नावं उलटी लागतात कुणाला? बरोबर आहे, उलटी लागत नाहीत. पण कापावी लागतात, आणि ती रोज कापली जातात. कुठल्या तरी अर्जात गावासाठी वीस बाइटांची जागा ठेवलेली असते. ठेवणाऱ्यानं मनात इंग्रजी धरलेलं असतं. वीस अक्षरी गाव असतंय कुठं, असा त्याचा रास्त विचार. मग त्या जागेत अंबाजोगाई येते. चिन्हं नऊ, बाइट सत्तावीस. अठरा बाइटांत 'अंबाजो' बसतं, उरलेल्या दोन बाइटांत ग चे दोन तृतीयांश बसतात आणि तिसरा तुकडा दाराबाहेर राहतो. दोन तृतीयांश ग कसा दिसतो हे पाणिनीलाही सांगता आलं नसतं. संगणक तिथं काळ्या शंकरपाळ्यात एक प्रश्नचिन्ह काढून मोकळा होतो. आणि हे कुठल्या गावाचं? जिथं सोळाव्या शतकात जन्मलेल्या दासोपंतांनी चाळीसेक फुटी पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्या गावाचं. दासोपंतांना वीस बाइटांचा अर्ज दिला असता तर त्यांनी तो नेसायलाही घेतला नसता.

आता त्या दादाच्या सी-एच-एमकडं वळू, कारण जिल्ह्यातल्या लग्नपत्रिका, निविदा, हरकती, जाहीर खुलासे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पुरवण्या वर्षानुवर्षं त्याच युक्तीवर निघाल्या. युक्ती अशी की संगणकाला मराठी शिकवायचीच नाही. फॉन्टात छोट्या सी चं चित्र असतं, ते खरवडायचं आणि तिथं ब चं चित्र काढायचं. एच च्या जागी दीर्घ वेलांटी, मोठ्या एम च्या जागी ड. पडद्यावर झकास 'बीड' दिसतं, छापून 'बीड' येतं, आणि आतमध्ये संगणक समजत असतो की हा गृहस्थ गेली कित्येक वर्षं अत्यंत चुकीचं इंग्रजी लिहितोय. बिचारा बोलत नाही, एवढंच.

ही युक्ती त्या दुकानापुरती उत्तम. फाईल दुकानाबाहेर पडली की रंग उतरतो. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथं बीड पुन्हा सी-एच-एम होतं, आणि 'विषय: पाणीटंचाई' या जागी जे उमटतं ते मोठ्यानं वाचलं तर घरात लहान मुलं रडायला लागतील. म्हणून पत्रासोबत फॉन्टही न्यायची पद्धत पडली. पेनड्राइव्हमध्ये अर्ज एक आणि फॉन्ट अठरा. त्यात पुन्हा प्रत्येक घराणं वेगळं. कृतिदेवचा ब ज्या कळीवर, शिवाजीचा त्या कळीवर असेलच असं नाही; श्रीलिपीचं गणित आणखी तिसरं. एकाचं पत्र दुसऱ्या फॉन्टात उघडलं तर मराठी अक्षरंच दिसतात, पण मजकूर असा होतो की लिहिणाऱ्याला चौकशीला बोलवावं.

हा घोळ मिटवायचा शहाणपणा १९९१ साली झाला. त्या वर्षी भारतीय मानक ब्यूरोनं इस्की हे मानक काढलं आणि त्याच वर्षी जगासाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. दोन्हींचं म्हणणं एकच: प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक द्या, चित्र कसं काढायचं ते फॉन्ट बघून घेईल. ब म्हणजे ब, मग तो बारीक असो, जाड असो की बॅनरवर नेत्याच्या फोटोखाली तिरपा केलेला असो. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक सलग पट्टा मिळाला. मात्र ही बातमी तालुक्याच्या ठिकाणी पोचली ती "युनिकोड नावाचा नवीन फॉन्ट आलाय" अशी. अजूनही काउंटरवर हा संवाद कानी पडतो:

"दादा, साहेबांनी युनिकोडमध्ये मागितलंय."

"देतो की युनिकोड टाकून. पण त्यात अक्षर ठसठशीत येत नाही, आताच सांगून ठेवतो. नंतर मपल्या नावानं बोंबलायचं नाही."

पायथनही १९९१ मध्येच जगापुढं आली. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी ती केली. इस्की, युनिकोड आणि पायथन ही तिन्ही एकाच वर्षाची. पण पायथन आणि युनिकोडची पत्रिका जुळायला २००८ उजाडलं. मधल्या काळात जे झालं ते एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. २००० साली पायथनमध्ये मजकुराचे दोन प्रकार नांदू लागले. थोरला साधा, धाकटा युनिकोड. थोरल्याकडं खरं म्हणजे नुसते बाइट होते, पण आपण अक्षरच आहोत असा त्याचा आव असायचा. दोघांना एकत्र जोडलं तर पायथन भांडण नको म्हणून गुपचूप भाषांतर करून टाकायची, आणि त्यासाठी वापरायची अ‍ॅस्कीचा तक्ता. हा तक्ता अमेरिकेत १९६३ साली निघाला. चिन्हं १२८. त्यात इंग्रजीची लहानमोठी अक्षरं आहेत, डॉलर आहे, तारका आहे, ळ नाही.

दोन्हीकडं इंग्रजी होतं तोवर संसार सुखाचा. प्रोग्राम लिहिणारा तो तपासायचा कशावर? 'एबीसी'वर. फार तर 'जॉन'वर. जॉनला गेवराईत शेत नाही, त्यामुळं तो कधी अडला नाही. मग प्रोग्राम बीडला यायचा, पहिलं मराठी नाव भरलं जायचं आणि पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार उमटायची की शून्याव्या जागेवरचा 'ई-शून्य' हा बाइट अ‍ॅस्कीला वाचता येत नाही, तो १२८ च्या आत नाही. मराठीत काम केलेला प्रोग्रामर हा ई-शून्य उभ्या जन्मात विसरत नाही. कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह याच बाइटानं सुरू होतं. ज्ञानेश्वरी असो की थकबाकीची नोटीस, पहिला बाइट तोच. आणि प्रोग्राम विकणाऱ्याला फोन लावला की ठरलेलं उत्तर: "पुण्यात चालत होता की."

२००८ च्या डिसेंबरात पायथन-३ आली आणि तिनं घरात वाटण्या केल्या. अक्षरं वेगळी, बाइट वेगळे. दोघांना बेरजेचं चिन्ह लावून जवळ आणायला जाल तर ती सरळ नकार देते. आधी सांगा, हे बाइट कोणत्या पद्धतीनं लिहिलेले आहेत? सांगितलंत तर अक्षरं करून देते, नाहीतर फाईल घरी घेऊन जा. शिस्त अशी की बाहेरून आलेलं दारातच अक्षरांत बदलायचं, आत सगळा कारभार अक्षरांत करायचा आणि बाहेर पाठवताना पुन्हा बाइट बांधून द्यायचे. यावर जगभरच्या प्रोग्रामरांनी जो गदारोळ केला तो आपल्याकडच्या अतिक्रमण हटाव मोहिमेत शोभला असता. चाललं होतं ते कशाला बंद पाडलं? जुनी पायथन २०१५ मध्ये बंद होणार होती. लोकांनी आवरलंच नाही म्हणून मुदत वाढवून १ जानेवारी २०२० केली. पीकविम्याची मुदतवाढ पाहिलेल्या माणसाला त्यात नवल काय? एका दमात पाच वर्षं मात्र आपल्यालाही कधी मिळाली नाहीत.

पायथननं स्वतःचं घर सुधारलं, बाहेरचा बाजार आहे तसाच आहे. त्या बाजारात मराठी तीन प्रकारे बिघडते, आणि कोणत्या बिघाडाला रडायचं नि कोणत्या नाही हे प्रत्येकाला माहीत असावं.

पहिला प्रकार म्हणजे डब्बे. अक्षरांच्या जागी चौकोनच चौकोन. हे सौम्य दुखणं. अक्षरं आत धडधाकट असतात, त्या यंत्राकडं चित्र तेवढं नसतं. फॉन्ट टाकला की पेशंट उठून बसतो.

दुसरा प्रकार दिसायला भयंकर. बाइट यूटीएफ-८ चे, पण वाचणाऱ्यानं पश्चिम युरोपचा तक्ता लावलेला. मग प्रत्येक चिन्हाचे तीन तुकडे होतात. पहिला तुकडा कायम डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला ए, कारण तोच आपला ई-शून्य. पुढचे तुकडे बघण्यासारखे आहेत. ब आणि ड यांच्या पोटातून एक गोलसर चिन्ह निघतं, जे त्या तक्त्यात 'कुठलंही चलन' या अर्थानं ठेवलेलं आहे. आणि बीडच्या दीर्घ वेलांटीतून निघतो आधी जपानचा येन, मग युरोपचा युरो. एवढं परकीय चलन जिल्ह्यात एका जागी दुसरीकडं कुठं सापडणार नाही.

हा प्रकार हमखास भेटतो तो याद्यांमध्ये. समजा, दसरा झाला, ऊसतोडीच्या मुकादमानं कोयत्यांची नावं आणि त्यांना दिलेली उचल एका साध्या फाईलमध्ये भरली आणि कारखान्याला पाठवली. कारखान्यातला बाबू ती दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडतो आणि हादरतो. नावांच्या रकान्यात येन आणि युरो, उचलीच्या रकान्यात रुपये. टोळी माजलगावची की टोकियोची? आत सगळं सुखरूप आहे. यूटीएफ-८ आहे असं सांगून उघडलं की नावं परत येतात. किंवा फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवायचे. ते छापून येत नाहीत, पण एक्सेल ते बघतं आणि समजतं. जुन्या वहीत पहिल्या ओळीवर 'श्री' घालायचे, तसाच हा प्रकार: त्याचा हिशेबात उपयोग शून्य, पण तो नसेल तर पुढचं काही सुरळीत होत नाही. उलट्या बाजूनं, एखादा काटेकोर प्रोग्राम हे तीन बाइट पहिल्या नावालाच चिकटलेले समजतो आणि यादीतला पहिला माणूस कुणालाच सापडत नाही. देवाचं नाव घेतलं तरी अडचण, नाही घेतलं तरी अडचण.

तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. हा असाध्य. ज्या तक्त्यात मराठीला जागाच नाही त्यात मराठी ओतली की यंत्र प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतं आणि मूळ टाकून देतं. लोकांना वाटतं संगणक काहीतरी विचारतोय. तो विचारत नाही. ते त्याचं उत्तर असतं. एखाद्या पावतीवर नाव सगळं प्रश्नचिन्हांत आणि रक्कम पैशासकट बिनचूक, असं दिसतं ना? कारण आकडे इंग्रजी, ते अ‍ॅस्कीत बसतात. नाव गेलं तरी बाकी जात नाही.

पण आपल्या बाबूलोकांची प्रतिभा अशा वेळीच फुलते. वेलांटीलाही स्वतंत्र प्रश्नचिन्ह मिळतं, त्यामुळं नुसती प्रश्नचिन्हं मोजून तालुका ओळखता येतो. सात म्हणजे माजलगाव. चार म्हणजे परळी. नऊ म्हणजे अंबाजोगाई. पाच, मोकळी जागा, पुन्हा पाच म्हणजे शिरूर कासार. तीन आली तर बीड आणि केज यांच्यात चिठ्ठी टाकायची. सहा आली तर गेवराई आणि पाटोद्यात. खरा पेच पाचाचा, कारण आष्टी, धारूर आणि वडवणी हे तिन्ही तालुके पाच प्रश्नचिन्हांचे निघतात, आणि आष्टीचं टपाल वडवणीला जाऊन परत येईपर्यंत साहेबांची बदली होते. अकराही तालुके यात आले. ज्याला प्रशासनात शिरायचंय त्यानं हा तक्ता पाठ करावा.

या सगळ्यात बीड जिल्हा मागास आहे, असा समज होऊ नये. उलट, मजकूर आणि बाइट यांतला फरक या जिल्ह्याला निजामाच्या काळापासून माहीत आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला. तोवर वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत, गावपातळीवरच्या कितीतरी नोंदी मोडीत, शाळेतली बाराखडी देवनागरीत आणि वरून येणारा इंग्रजीचा मारा वेगळा. अंबाजोगाईचं त्या काळातलं नाव तर मोमिनाबाद. आता यूटीएफ-८ मध्ये या चार लिप्या मांडून बघा. इंग्रजी अक्षराला एक बाइट. उर्दूला दोन. देवनागरीला तीन. मोडीला चार. मराठवाड्याचा इतिहास कुणीतरी मुद्दाम ओळीनं लावून ठेवावा, तसा हा क्रम आहे. प्रत्यक्षात १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन यांनी ताटाखालच्या कागदावर ही पद्धत मांडली. समोर रॉब पाइक होते. आपल्याकडंही धाब्यावर ताटाखालच्या कागदावर मोठमोठे व्यवहार ठरतात, पण ते सगळ्या जगाला पुरतील असे नसतात.

बाइटांची ही चढण खिशालाही लागते. मोबाइलच्या एका संदेशाला १४० बाइटांची जागा. इंग्रजी त्यात सात बिटांच्या हिशेबानं १६० अक्षरं बसवतं. त्यात एक जरी मराठी अक्षर आलं तर सगळा संदेश दुसऱ्या पद्धतीत जातो आणि मर्यादा येते सत्तरवर. 'श्री कृपेकरून आमचे येथे' एवढ्यातच तेवीस जातात. वधूवरांची नावं दुसऱ्या संदेशात. मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत मराठी का लिहायला लागला, याची कारणं शोधणाऱ्या परिसंवादांनी हे बिल एकदा बघावं.

मोडीची कथा आणखी पुढची. ती युनिकोडमध्ये आली २०१४ साली, आणि आली ती गावकुसाबाहेर, पहिल्या ६५,५३६ जागा संपल्यानंतरच्या वस्तीत. म्हणून तिला चार बाइट. मायएसक्यूएल या जगभर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ-८' या पाटीखाली मिळायची ती जागा मात्र तीन बाइटांची. मोडी अक्षर तिथं आत शिरेना. चार बाइटांची खरी सोय २०१० मध्ये वेगळ्या नावानं आली खरी, पण तिच्याकडं वळायची घाई कुणाला नव्हती. घाई झाली ती इमोजींमुळं. ती डोळे मिटून हसणारी पिवळी तोंडंही चार बाइटांचीच. ग्राहकाचं हसणं साठवता येईना म्हटल्यावर कंपन्या जाग्या झाल्या, आणि हसऱ्या तोंडांसाठी उघडलेल्या दारातून आपली कित्येक शतकांची मोडीही आत आली. हेमाडपंतांचं नाव मोडीशी जोडतात. त्यांना हा वशिला रुचला असता का, कोण जाणे.

२०२३ साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकदम मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. दप्तरं होती, कागद होता, शाई होती, वाचणारा नव्हता. हेच ते नुसते बाइट. दप्तर उघडलं म्हणजे मजकूर मिळाला असं नव्हे. त्या पानावर पणजोबांचं नाव आहे की कुणाच्या बैलाचं, हे सांगणारा माणूस समोर बसेपर्यंत तो फक्त सुबक शाईचा पसारा असतो. आणि असा जाणकार पान हातात घेतल्यावर आधी काय विचारतो? हे कोणत्या काळातलं? मोडी शिवकाळाची वेगळी, पेशवाईची वेगळी, इंग्रजी अमदानीतली वेगळी. ते कळल्याशिवाय तो पहिलं अक्षर उच्चारत नाही. ज्या शिस्तीसाठी पायथनला २००८ पर्यंत थांबावं लागलं ती या माणसाच्या बोटांत आधीपासून होती.

आता म्हणाल, चला, सगळं युनिकोडात केलं, सुटलो. कुठलं सुटतो! मराठीत ऱ आहे. 'शेतकऱ्यांची यादी' असं शीर्षक दोघांनी लिहिलं. एकानं ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन पाय मोडला. दुसऱ्यानं साधा र घेतला, पाय मोडला आणि मागं न दिसणारा एक जोडणारा खिळा ठोकला. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे. आतले क्रमांक वेगळे. मग कुणीतरी शोधखिडकीत 'शेतकऱ्यां' टाकतो आणि संगणक शांतपणे सांगतो की बीड जिल्ह्याच्या या फाईलमध्ये असा शब्द एकदाही आलेला नाही. अशा फरकांचं एकीकरण करायचे नियम युनिकोडनं दिलेत. पण र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ ते मूळ ऱ शी जुळवतात आणि खिळा मारलेल्याकडं बघतही नाहीत. तिसरा एक टंकणारा 'शेतकर्यां' असा रफार चढवून मोकळा होतो. तो तर कुणालाच सापडत नाही, शुद्धलेखनवाल्यांखेरीज. ॲ ची रड वेगळीच. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. तोवर सगळे अ वर चंद्र ठेवून भागवायचे. त्यामुळं जिल्ह्यातल्या वकिलांच्या यादीत निम्मे ॲडव्होकेट एका कोपऱ्यात आणि निम्मे दुसऱ्या, आणि दोन्ही गट एकमेकांविरुद्ध वकीलपत्र घ्यायला मोकळे.

यावर उपाय महागडा असेल असं वाटतं ना? तो एका प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक तालुक्यात, तहसीलसमोर, झेरॉक्सच्या आवाजात बसलेला असतो. गावाकडचा इंजिनिअर पोरगा हिंजवडीतून घरच्या वाटणीपत्राचा मसुदा त्याला ईमेल करतो. पाचव्या मिनिटाला दादाचा फोन.

"साहेब, फाईल आली. हे कशात आहे?"

"टेक्स्ट आहे ते. प्लेन टेक्स्ट."

"ते दिसायलंय हो. पण कशात?"

"अहो, साधं टेक्स्ट! त्यात कशात काय असतंय?"

"साहेब, तुमचे आजोबा श्रीलिपीत आलेत, चुलते युनिकोडात, आणि तुम्ही स्वतः सगळे प्रश्नचिन्हात आहात. आता गट नंबर कुणाच्या नावावर टाकू?"

पलीकडं शांतता. मग पोरगा विचारतो की किती घ्याल.

"कशात आहे ते सांगितलं तर नेहमीचा दर. मला ओळखायला लावलं तर दुप्पट. आणि न विचारता छापून दिलं, तर पुढं जे काय लागंल ते वकिलाला द्या."

जगातल्या हुशार लोकांनी सतरा वर्षं लावून पायथनला जे शिकवलं ते यानं दरपत्रकात बसवलंय. फरक एवढाच की पायथन चुकीच्या फाईलवर आडवी पडते आणि पुढं हलत नाही. दादा मात्र उधारीवर करून देतो.